ओ न देणारं विमान

"नाना, त्याला भित्रा नका लिवू. तो भितो, पन जातो."

इतकी वर्षं झाली, तरी मोरूचा हा आवाज नानांच्या कानातून हलला नव्हता. कर्जतच्या घराची पडवी, श्रावणातली उन्हाची दुपार, टेबलावर कोपरं टेकून बसलेला पोशीरचा तो तरणा पोरगा. मोरू सांगत होता आणि नाना एका जाड पत्त्यावर लिहून घेत होते. नाव, शिकरा. काम, लढाऊ विमान उडवणं. आईबाप नाहीत. खानावळीत जेवतो आणि जेवणावर ताक नसलं की त्याचं डोकं फिरतं. डाव्या कानाने कमी ऐकतो, पण वरच्या साहेबांना ते कळू दिलेलं नाही. स्वभाव काय लिहू, भित्रा? असं नानांनी विचारलं, तेव्हा मोरू ते वाक्य बोलला होता, आणि बोलून आपणच लाजला होता.

खेळ नानांचा. शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल आणि चित्रकला शिकवली, त्यामुळे नकाशे काढायची खोड हाताला लागलेली. माथेरानच्या एका हॉटेलात वेटर असलेला पदू पाहुण्यांनी टाकून दिलेली इंग्रजी मासिकं त्यांना आणून द्यायचा. अशाच एका मासिकात नानांनी वाचलं, की परदेशात माणसं टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेक माणूस होतो आणि मिळून एक गोष्ट जगतात. काय घडेल ते फासा ठरवतो. नानांना त्यात नवल वाटलं नाही. शिमग्यात पोरं सोंगं काढतात ते दुसरं काय असतं? त्यांनी फाशांच्या जागी घरातल्या सारीपाटाच्या कवड्या घेतल्या, जुन्या नकाशाच्या पाठीवर दोन देश रंगवले, एकाला सह्याद्रीचे घाट दिले, दुसऱ्याला खाडी दिली, आणि खेळाला नाव ठेवलं सोंगपट. बुधवारी हॉटेल रिकामं असायचं आणि पदूला सुट्टी मिळायची, म्हणून खेळ बुधवारी दुपारी.

नाना पंच. त्यांच्या पुढ्यात दोन खुर्च्यांना दोरी बांधून अंतरपाट लावलेला असे, त्यांच्याच लग्नातला, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक आता विटकरी झालेलं. त्या पडद्याआड नाना कवड्या टाकत आणि किती पडल्या ते सांगत. सगळ्यांना सगळं दिसलं तर खेळात भीती कसली उरणार? कवड्या सात. तोंड वर करून पडली ती उताणी, ती मोजायची. जिवावरचा प्रसंग असला तर निदान चार उताण्या हव्यात. कमी पडल्या की ते सोंग मेलं. त्याचा पत्ता फाडायचा, ते नाव पुन्हा घ्यायचं नाही. पदूची सोंगं अळवावरच्या पाण्यासारखी. आज हेर, उद्या खलाशी, परवा मिस्त्री. तो हसत पत्ता फाडायचा आणि नवीन मागायचा.

नानांच्या बायकोचं, विमलबाईंचं, सोंग मात्र पहिल्या दिवसापासून एकच. त्या खाडीदेशाच्या रडारवर बसलेली बाई होत्या. तिचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, टिटवी. "काही हललं की ओरडायचं एवढंच काम ना? ते मला जमतं," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि नाना म्हणाले होते की याबद्दल शंका घेणारा या घरात कोणी नाही.

मोरू दोन वर्षं खेळला. खोपोलीच्या एका कारखान्यात तो शिकाऊ होता. बुधवारी त्याची रात्रपाळी असे, त्यामुळे दुपार मोकळी. मग एका भाद्रपदात त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग कर्जतचा डॉक्टर, मग मुंबई. दिवाळीला पणत्या लागायच्या आत तो गेला.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर त्याचा बाप चांगो एका बुधवारी दुपारी पडवीत येऊन उभा राहिला. खांद्यावर नव्या पोह्यांचं गाठोडं. तोवर तो या घरात कधी आलाही नव्हता. गाठोडं विमलबाईंकडे देऊन तो मोरूच्या खुर्चीवर बसला आणि त्याने नानांना विचारलं, की मोरूचं ते विमानवालं सोंग अजून आहे का. नाना म्हणाले, आहे. चांगो म्हणाला, मग मी घेतो.

त्याला खेळ येत नव्हता. पदूने कानाशी लागून सांगायचं आणि त्याने मान हलवायची. तरी त्याच दुपारी शिकऱ्यावर वेळ आली; शत्रूची दोन विमानं पाठीशी लागली. नानांनी पडद्याआड कवड्या टाकल्या. एक उताणी पडली, बाकीच्या पालथ्या. नानांनी अंतरपाटाच्या कडेवरून पाहिलं. चांगोने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, तळवे वर, देवळात प्रसादाला ठेवावेत तसे.

"चार," नाना म्हणाले.

तेव्हापासून शिकरा मेला नाही. वर्षं गेली, नकाशावरची खाडी हाताच्या घामाने पुसट झाली, पदूची डझनावारी सोंगं गारद झाली, शिकरा मात्र दर बुधवारी धावपट्टीवर परत यायचा. कवड्या पुरेशा पडल्या तर नाना खरं सांगत. कमी पडल्या तर खोटं. 'शिकरा गेला' एवढे दोनच शब्द होते, पण ते त्यांच्या गळ्याशी येत आणि तिथेच फिरून परत जात.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर पदूने एक मासिक आणलं. त्यात चित्र होतं अमेरिकेच्या एका विमानाचं, ज्याला कुणी पाहिलं नव्हतं. विमान आहे की नाही हेही सरकार सांगत नव्हतं. चित्रकाराने अंदाजाने काढलेलं. रडारला न दिसणारं विमान.

"टिटवीला दिसणार नाही म्हणे," पदू विमलबाईंकडे बघत म्हणाला.

"मला न दिसणारं अजून जन्मायचंय," विमलबाई म्हणाल्या.

नानांनी ते चित्र रात्रभर उशाशी ठेवलं. त्यांच्या मनात एक वेगळीच गोष्ट शिरली होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सोंगपटात प्रत्येक विमानाचा एक पत्ता असे आणि पत्त्यावर चार गुण: वेग, उंची, मारा आणि दिसणं. रडारच्या टापूतून निसटायला कुठल्याही विमानाला चार उताण्या लागत. या विमानाला एकच ठेवली तर? सातच्या सात कवड्या पालथ्या पडणं किती दुर्मीळ! आपण उभ्या आयुष्यात ते एकदोनदाच पाहिलंय. म्हणजे शिकऱ्याला या विमानात बसवला की कवड्या जे बोलतील तेच आपण बोलायचं, आणि तरी तो जगेल. खोटं बोलायची पाळीच येणार नाही.

म्हातारपणी माणसाला असा सुटकेचा रस्ता दिसला की तो पोरासारखा कामाला लागतो. परसात पांगाऱ्याचा एक ओंडका पडला होता. नानांनी तो चाकूने कोरला, कानस मारली, काचकागदाने घासघास घासला. मासिकातल्या चित्रात विमानाला एकही कोपरा नव्हता; सगळं गोल, निसरडं, पंखसुद्धा पाठीतून वाहून आल्यासारखे. नानांना ते पटलं. गुळगुळीत वस्तूवर नजर ठरत नाही, मग रडार कुठून ठरणार? सरसात काजळी कालवून त्यांनी ते काळं केलं, वर तेलाचा हात दिला. ते टेबलावर ठेवल्यावर विमलबाईंनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हा तर चिंचोका."

चिंचोका तर चिंचोका. नाना खूश होते.

आणि मग थंडी पडायच्या सुमाराला अमेरिकेच्या सरकारने त्या विमानाचा एक फोटो जाहीर केला. पदूने हॉटेलातून इंग्रजी वर्तमानपत्र आणलं, त्यात तो होता, धुक्यातून काढावा तसा धूसर. नानांनी चष्मा पुसून पाहिला. पुन्हा पुसला. विमानात गोल असं काहीच नव्हतं. सगळ्या कडा, सगळे उतार. कुणीतरी पत्र्याचा डबा चेपून चेपून त्याची होडी करायला घेतली आणि मधेच सोडून दिली, तसं.

पदू म्हणाला, मासिकवाल्यांनी फसवलं. नाना मात्र बराच वेळ त्या फोटोशी बोलल्यासारखे बसून राहिले. मग त्यांनी विमलबाईंचा हातआरसा आणला, टेबलावर उभा केला आणि चांगोला समोर बसवून विचारलं, काय दिसतं? चांगो म्हणाला, माजंच थोबाड. नानांनी आरसा तिरपा केला. आता? आता आढं दिसतंय. नाना टाळी वाजवणार होते, पण त्यांनी हात आवरला.

रडार म्हणजे हाक मारणं, ते समजावू लागले. माथेरानला कड्यावर उभं राहून पाहुणे ओरडतात तेव्हा समोरचा कडा हाक परत देतो, कारण तो तोंडासमोर उभा असतो. पदूने मान डोलावली. ते ओरडणं ऐकून त्याचे कान किटले होते. चिंचोका कितीही गुळगुळीत असला तरी त्याचा कुठला ना कुठला भाग हाक मारणाऱ्याकडे तोंड करून असतोच. पण सगळेच उतार तिरपे असले तर हाक लागते, आणि भलतीकडेच निघून जाते. मारणाऱ्याकडे काही येत नाही. त्याला वाटतं, समोर कुणी नाही.

"म्हंजे हाय," चांगो सावकाश म्हणाला, "पन हाक मारली तर ओ देत नाय."

विमलबाई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आकड्यांवरून मात्र भांडण झालं. एकच उताणी पुरे, हे नानांनी सांगताच विमलबाईंनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, म्हणजे मी टिटवीने काय नुसती माळ जपत बसायचं? जे मरूच शकत नाही त्याच्याशी खेळायचं कशाला, त्यापेक्षा त्याची पूजा मांडा. नानांनी वेग कमी करून दाखवला. मारा कमी केला. विमानाला बंदूकच नाही, पोटात फक्त दोन बॉम्ब. विमलबाईंना ते पुरेना. पदूने मिस्त्रीच्या सोंगातून डोकं खाजवलं आणि विचारलं, की पोटातला बॉम्ब टाकायचा म्हणजे पोटाची दारं उघडायला लागणार ना? दारं उघडली की ती सरळ खाली लोंबणार. मग ते तिरपं राहिलं कुठे?

"तिथे मी बघेन त्याला," विमलबाई म्हणाल्या. "पोट उघडल्यावर चार."

नाना म्हणाले, चार फार होतात, दोन ठेवू. विमलबाई म्हणाल्या, बाकी सगळ्या जगाला चार आणि यालाच दोन का, हा काय तुमचा जावई? नाना चिडले. पोटाचा आकडा त्या दिवशी ठरलाच नाही. पत्त्यावर ती जागा कोरी राहिली.

नव्या विमानाला पांगारा हवा होता, आणि घरचा ओंडका चिंचोक्यात संपला होता. पांगारा चांगोच्या बांधावर होता. म्हणून एका सकाळी नाना पोशीरला गेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्या घरी जात होते. मोरूच्या दिवसांनासुद्धा विमलबाई जाऊन आल्या होत्या, नानांचे पाय तेव्हा उठले नव्हते.

चांगो फांदी तोडायला बांधावर गेला. ओटीवर त्याची बायको सोनुबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने नानांना घोंगडी टाकून बसवलं, तांब्या दिला, आणि परत सूप हातात घेतलं. सूप खालीवर होत होतं आणि त्याच्या तालावर ती स्वतःशीच गुणगुणत होती, समोर कोणी बसलंय हे विसरून:

उंच उडं बाळ माजं, डोंगराच्या आड गेलं,
खाली शेताला इचारी, सावलीचं काय झालं.

मग सूप थांबलं.

"नाना," ती म्हणाली, "माजा मोरू इमान बरा चालवतोय ना?"

नानांना वाटलं, ती सोंगाविषयी विचारतेय. ते म्हणाले, शिकरा ना? चालवतोय की.

"ह्ये बुधवारी घरी आले की मी दारातच इचारते, हाय ना? ह्ये म्हंतात, हाय. मग मी ताट वाडते." तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "पितरांच्या दिवशी ह्ये म्हन्ले, सासऱ्याचं पान ठेवतेस तसं मोरूचंबी ठेव. वरसावरसाला म्हंतात. मी नाय ठेवीत. जित्या मानसाचं पान कावळ्याला ठेवतात काय? ह्ये म्हंतात, खेळ हाय गं तो. मी म्हन्ले, आसंल खेळ. पन नाना मास्तर हायेत. मास्तर मानूस खोटं सांगत नाय."

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. नाना तांब्याकडे पाहत राहिले. आठ भाद्रपद. आठ भाद्रपदांत गावातले कावळे घरोघरच्या पानांवर जेवले, आणि या एका पोराचं पान कुणी मांडलं नाही, कारण कर्जतला पडद्याआड बसून एक म्हातारा चार म्हणत होता. त्यांनी तोंड उघडलं. समोर सोनुबाईचा चेहरा होता, स्वच्छ, वाट बघणारा.

"बरा चालवतोय," ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि सूप पुन्हा चालू झालं.

परतताना पांगाऱ्याची फांदी खांद्यावर घेऊन चांगो त्यांना एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो पिकाबद्दल बोलला, नेरळच्या बाजाराबद्दल बोलला. गाडी दिसायला लागल्यावर त्याने विचारलं, ती काही म्हणाली का. नाना म्हणाले, ओवी म्हणत होती. चांगो रस्त्याकडे बघत म्हणाला, "लई वर्सांत कुनाच्या पुढं म्हनत नाय ती." आणि फांदी त्याने गाडीच्या टपावर चढवली.

घरी विमलबाई बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या. नाना त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि तेही वाल सोलू लागले, जे ते कधी करत नसत. दोनतीन वाल त्यांच्या बोटांतून उडून मोरीत गेले. अर्धं पातेलं झाल्यावर नानांनी सोनुबाईचं सगळं सांगितलं. कवड्यांचं सांगायला गेले, तर विमलबाई म्हणाल्या, ते राहू द्या, ते मला माहीत आहे.

"कधीपासून?"

"खोटं बोलताना तुम्ही आधी घसा खाकरता. शाळेतही मुलं ओळखायची म्हणे."

नानांनी मोरीत उडालेला एक वाल उचलून आणला. मग त्यांनी आपला सगळा बेत सांगितला: एक उताणी, दुर्मीळ मरण, खोट्याची गरज नाही. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच तो बेत ऐकू आला. शिकरा मरू नये यासाठी त्यांनी विमान घडवलं होतं. आपण किती हुशारीने ते दोन शब्द अजून पुढे ढकलले! आपण मेल्यावर तो पत्ता कुणाच्या हाती जाईल, पदूच्या? आणि सोनुबाई तेव्हाही दारात उभी राहून विचारेल.

"मी काय करू?" ते म्हणाले.

विमलबाईंनी हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला. "त्या पोराने तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना, तो जातो म्हणून? मग तुम्ही त्याला का धरून ठेवलंत?" थोड्या वेळाने त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मारा असं नाही म्हणत मी. पडेल ते बोला. कदाचित पडतीलही चार."

नव्या विमानाला नानांनी काचकागद लावलाच नाही. चाकूच्या एकेका सरळ घावात एकेक उतार पाडला. पांगारा हलका, हाताला लोण्यासारखा लागतो, पण सरळ घाव घालायला गोल करण्याहून जास्त धीर लागतो; एकदा चुकलं की घासून भरून काढता येत नाही. काजळी लावली, तेल लावलं नाही. मग पत्ता घेतला. वेग, उंची, मारा. दिसणं, एक. आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: पोट उघडल्यावर चार.

शिमगा तोंडावर आला होता. बाहेर पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत हिंडत होती. त्या बुधवारी पदू जरा लवकरच आला, त्याने नवं विमान हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, हे तर हातालाही टोचतं. चांगो धुवट पैरण घालून आला होता. त्याने विमान उचललं नाही. फक्त बोट लावून पाहिलं.

मोहीम अशी होती: खाडीदेशाच्या मुखाशी दारूगोळ्याचा साठा, आणि तो उडाला की युद्ध संपतं. कित्येक वर्षं रेंगाळलेलं ते युद्ध. शिकऱ्याने घाटावरून उडायचं, टिटवीच्या तीन टापूंतून जायचं, साठ्यावर पोट उघडायचं, परत यायचं.

पहिला टापू. विमान पडद्याआड नानांच्या छोट्या नकाशावर होतं, विमलबाईंना ते दिसत नव्हतं. नानांनी कवड्या टाकल्या. तीन उताण्या. एक पुरे होती. "तीन," ते म्हणाले, घसा न खाकरता, आणि त्यांना छातीत हवा शिरल्यासारखं झालं. दुसरा टापू, पाच. विमलबाईंनी विचारलं, आहे का कुणी तिकडे? नाना म्हणाले, टिटवीला कोणी दिसत नाही. तिसरा टापू, दोन. पदू खुर्चीवर पुढे सरकला. नानांना वाटलं, हे असंच चालू राहिलं तर किती बरं होईल. नुसतं उडत राहावं. ना कुणाला दिसावं, ना कुठे उतरावं.

"साठ्यावर आलात, चांगोबा," ते म्हणाले. मग नियमात नव्हतं ते बोलले. "इथून मागे फिरता येतं. कोणालाही न दिसता."

विमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

पदू मिस्त्रीच्या सोंगात म्हणाला की तेल परतीपुरतं आहे, फिरायचं तर आत्ताच फिर. चांगोने टेबलावर हात ठेवले. हात म्हातारे झाले होते. बोटांच्या पेरांत शेताची काळी भेग.

"शिकरा काय करील?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मग तोच म्हणाला, "उगडतो. पोट उगडतो मी."

नानांनी सातही कवड्या मुठीत घेतल्या. त्या गार होत्या. मूठ हलवली, आणि तशीच धरून ठेवली.

"नाना," चांगो पडद्यापलीकडून म्हणाला. तो अगदी हळू बोलत होता, शेजाऱ्याला बांधावरून काही सांगावं तसा. "संध्याकाळी ती दारात उबी ऱ्हाईल. दर टायमाला मी तिला तुमचा आकडा नेऊन देतो. या टायमाला मला खरा न्यायचाय."

पदूने खाली पाहिलं. विमलबाईंनी पदराचं टोक मुठीत घेतलं.

नानांनी कवड्या टाकल्या.

त्या लाकडावर खुळखुळल्या, एक घरंगळत कडेपर्यंत गेली आणि गिरकी घेऊन थांबली. नानांनी मोजलं. पुन्हा मोजलं, एकेकीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलाने मोजावं तसं. चष्मा काढला. चष्म्याशिवायही तेवढ्याच होत्या. घसा आपोआप खाकरायला आला. त्यांनी ओठ मिटून तो दाबून धरला. मग हात वर करून दोरीवरचा अंतरपाट एका बाजूला सारला, म्हणजे चांगोचा चेहरा समोर दिसेल.

"दोन," ते म्हणाले. "शिकरा गेला, चांगोबा."